त्रेचाळीस नंबरचे जंत

जंत कुणाला नसतात? डोंगरातल्या ओकोतालितो गावात तर पाळण्यातल्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना होते, आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटतही नव्हतं. पोर झोपेत दात खायला लागलं की जंत खवळले म्हणायचं आणि आपासोतेच्या पाल्याचा कडू काढा पाजायचा. तोही चंद्र उतरणीला लागल्यावर, कारण चढत्या चंद्राला जंत माजतात आणि औषधाला भीक घालत नाहीत. इतकं साधं होतं सगळं. मग राजधानीतून, तेगुसिगाल्पाहून, डॉक्टर यादिरा आली, गावाची विष्ठा तपासायला नव्वद डब्या घेऊन, आणि तिबुर्सिओच्या संसाराला चूड लागली.

तिबुर्सिओ म्हणजे गावातला वजनदार माणूस. पाद्री डोंगर चढून वर्षातून दोनदा येणार. बाकीचे सगळे रविवार चॅपलमध्ये शास्त्र वाचायचं आणि प्रवचन द्यायचं ते तिबुर्सिओनं. आवाज असा की शेवटच्या बाकावर घोरणारासुद्धा दचकून आमेन म्हणायचा. म्हणून डॉक्टर यादिरा रडत आली ती त्याच्याकडेच. पहिल्या आठवड्यात आलेल्या डब्यांपैकी दोन कोंबडीच्या निघाल्या होत्या आणि एक कुत्र्याची.

"मला माणसांचं पाहिजे हो," ती काकुळतीनं म्हणाली. "आणि ज्याचं त्याचं. तुमच्या गावात जंतांची किती कुळं आहेत, कुणाच्या पोटात कुठलं कूळ, ते कुठनं आलं, हे शोधायचंय मला. एकानं दुसऱ्याचं दिलं की माझं तीन वर्षांचं काम गेलं चुलीत!"

झालं. त्या रविवारी तिबुर्सिओ असा काही गरजला की चॅपलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "देवानं ज्याला त्याला स्वतःचं पोट दिलंय! जो दुसऱ्याचं आणून माझं म्हणेल, तो शेजाऱ्याची गाय चोरणाराच समजा! गुरुवारी सकाळी सातला, शाळेत, डबी भरून. सगळ्यात आधी मी उभा राहीन!"

असं बोलू नये माणसानं. देव बहिरा नाही. सोमवारी तिबुर्सिओचं पोट बिघडलं, म्हणून त्याच्या बायकोनं, एर्लिंदानं, त्याला दोन दिवस हिरवी केळी उकडून घातली. पोट थांबलं. असं थांबलं की गुरुवारची पहाट उजाडली तरी हलेना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, ही म्हण कुणी रचली देव जाणे, पण त्या सकाळी तिबुर्सिओकडे बघून रचली असती तर शोभली असती. त्यानं दोन पेले काळी कॉफी ढोसली, कॉफीच्या मळ्याला तीन फेऱ्या मारल्या, माहीत असलेल्या सगळ्या संतांना हाका घातल्या. एकही संत आला नाही. तिकडे शाळेपुढे रांग लागली होती, आणि इकडे हा गडी सदऱ्यात रिकामी डबी लपवून कुंपणाकुंपणानं हिंडत होता.

तेव्हा त्याला ओब्दुलिया आठवली, गाव जिला मानानं दोन्या म्हणायचं ती.

ओब्दुलिया विधवा बाई, तिबुर्सिओच्या धाकट्या लेकीची धर्ममाता. तिनं बाप्तिस्म्याला पोर हातात धरलं त्या दिवसापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे. हे नातं रक्ताच्या वरचं. कोमाद्रेनं मागितलं तर नाही म्हणायचं नाही, आणि कोमाद्रेकडे वाकडी नजर टाकली तर सरळ नरक, मधे थांबा नाही. शिवाय तिचं पोट म्हणजे घड्याळ होतं. ती परसाकडे निघाली की शेजारणी मक्याचं दळण आटपायला घेत.

"कोमाद्रे, जरा एक मागायचं होतं," मागच्या दारातून तिबुर्सिओ कुजबुजला.

"मीठ की साखर?"

त्यानं डबी पुढे केली. ओब्दुलियानं डबीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला. "कोंपाद्रे, रविवारी गाय गाय करून ओरडत होतात ते तुम्हीच ना?"

"मीच हो. म्हणून तर आलो. आता रिकाम्या हातानं गेलो तर लोक शेण घालतील तोंडात."

"कुणाला बोलायचं नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याची आण."

"आण!"

"मग थांबा इथं. माझी डबी भरायचीच आहे अजून. दोघांचं होऊन उरेल."

सात वाजता सगळी रांग ओलांडून पहिला तिबुर्सिओ उभा होता, छाती काढून. डॉक्टरनं घरांच्या यादीत बघून त्याच्या डबीवर त्याचा त्रेचाळीस नंबर लिहिला.

पाच महिने सुखात गेले. मग डॉक्टर यादिरा परत आली आणि सगळ्या गावाला शाळेत बोलावून तिनं भिंतीवर चादर लावली. चादरीवर यंत्रानं चित्र पडलं, नुसते रंगीत ठिपके. "नावं मी कुणाचीच सांगणार नाही, ती गुप्त असतात," ती म्हणाली. "फक्त नंबर."

बिचारी शहरातली! गावानं डबीवरचा एकेक नंबर दोन आकड्यांच्या लॉटरीत केव्हाच लावून पाहिला होता. प्रवचनकाराचा नंबर शुभ असणार म्हणून दुकानदार निकोमेदेसनं त्रेचाळीसवर डाव लावला आणि तो लागलाही होता. त्रेचाळीस कोण हे गावातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं.

"आता गंमत बघा," डॉक्टर रंगात येऊन सांगायला लागली. "जंतांची अंडी परसातल्या मातीत पडतात, मातीतनं हाताला, हातातनं तोंडात. म्हणून एका घरातल्या माणसांच्या पोटात बहुतेक एकाच कुळाचे जंत. हे घर हिरवं, ते पिवळं. हे निळं घर बघा. बेचाळीस निळा, चव्वेचाळीस निळा, पंचेचाळीस निळा. आणि मधे हा त्रेचाळीस, लालभडक! याच्या पोटात स्वतःच्या घरचा एकसुद्धा जंत नाही. सगळे सतरा नंबरच्या घरचे! हा माणूस घरी जेवतच नसणार!"

सगळ्या माना तिबुर्सिओकडे वळल्या. मग मागच्या बाकावरून निकोमेदेस म्हणाला, "सतरा म्हणजे दोन्या ओब्दुलिया."

एर्लिंदा उठली आणि तडक घरी गेली. तिबुर्सिओ मागनं धावला. घरात शिरतो तो ती कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"काय वाढते ती तुला? वजडीचं सूप?"

"अगं घासभर नाही खाल्लं तिच्याकडे!"

"मग जंत काय पायी चालत आले? एवढा डोंगर उतरून?"

"वारा असतो... कोंबड्या इकडच्या तिकडे..."

"कोंबड्या! कोमाद्रे आहे ती तुझी, तिबुर्सिओ! देवाच्या पाण्यावरचं नातं! लोकांना नरकाच्या गोष्टी सांगतोस आणि स्वतः तिथं पाट मांडून बसलास! शनिवारच्या बसनं मी बहिणीकडे चालले, एल प्रोग्रेसोला. परत येणार नाही." आणि संध्याकाळच्या आत तिनं कोंबड्या शेजारणीला देऊन टाकल्या. कोंबड्या दिल्या म्हणजे बाई खरंच चालली, हे सगळ्यांना कळलं.

तिबुर्सिओ तडक ओब्दुलियाकडे गेला. "कोमाद्रे, आण मोडा आणि सांगा तिला खरं काय ते. माझं घर बसतंय हो!"

ओब्दुलिया अंगणात केस विंचरत बसली होती, आज जरा जास्तच तेल लावून. "मी सांगू? गाव म्हणतंय, मी तुम्हाला चांगलंचुंगलं खाऊ घालून नादी लावलं. एकसष्टाव्या वर्षी! दुपारपासून निकोमेदेस दोनदा विचारपूस करून गेला. आणि आता मी चौकात उभी राहून सांगू की नाही बाबांनो, सूप नव्हतं दिलं, ते दिलं होतं? जीव गेला तरी नाही सांगायची. तुम्हाला सांगायचं तर सांगा, आण मी सोडवते."

म्हणजे उरला हा एकटाच. शुक्रवारभर तो खाटेवर पडून विचार करत राहिला. खरं सांगावं तर रविवारी चॅपलमध्ये कुठल्या तोंडानं उभं राहणार? गाईचा चोर! पोरं मागनं हंबरतील. न सांगावं तर एर्लिंदा जाणार. शेजारच्या खोलीत ती कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि प्रत्येक घडीगणिक याच्या काळजाचं पाणी होत होतं.

शनिवारी सकाळी चौकात पिवळी बस उभी राहिली. चेमा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. आत एर्लिंदा खिडकीशी बसली होती, तिच्यामागे बर्फाची पेटी मांडीवर घेऊन डॉक्टर यादिरा, आणि पुढेमागे बाजाराला निघालेलं निम्मं गाव. तिबुर्सिओ आला तो सरळ बसच्या पायरीवर चढला.

"एर्लिंदा, उतर. ते जंत माझे नाहीत."

"मग कुणाचे? पाद्रीबाबांचे?"

"कोमाद्रेचे. डबी माझी, आतलं तिचं. तुझ्या केळ्यांनी मला बांधलं होतं, काही केल्या होईना. म्हणून मी... मागून आणलं."

सगळी बस हसून फुटली. कुणी पोट धरलं, कुणी पुढच्याच्या पाठीवर डोकं आपटलं, एक बाई हसता हसता स्वतःच्या टोपलीत बसली. "तरीच!" डॉक्टर यादिरा किंचाळली. "पाच महिने मी त्रेचाळीसवर डोकं फोडतेय!" त्यावर निकोमेदेसनं घसा खाकरला. "डॉक्टरीणबाई, आता विषय निघालाच आहे तर... माझा नंबर पण एकदा तपासून घ्या." पाठोपाठ आणखी दोन हात हळूच वर झाले. डॉक्टरनं पेटीवर कपाळ टेकलं.

एर्लिंदा तेवढी हसली नव्हती. ती उठली आणि बाकांमधल्या वाटेत उभी राहिली.

"तिच्याकडे गेलास?" ती म्हणाली. "मी घरात असताना?"

"अगं..."

"एकतीस वर्षं तुझं सगळं केलं मी. तापात भांडं धरलं, चादरी धुतल्या. आणि मागायची वेळ आली ती एवढी एक गोष्ट, ती मागायला दुसरीच्या दारात गेलास! माझ्यात काय कमी होतं रे?"

आता बसमध्येही कुणी हसेना. बायका मान हलवायला लागल्या. खरंच की, काय कमी होतं?

"लाज वाटली," तिबुर्सिओ म्हणाला.

"तिची नाही वाटली?"

"तिची कशाला वाटेल? तिच्यापुढे मी कसा का दिसेना. पण तुला वाटलं असतं, म्हातारा झाला हा, एवढंसुद्धा होत नाही याच्यानं. तुझ्या नजरेतनं उतरायचं नव्हतं मला, एर्लिंदा." चॅपलमधला आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक, पोरासारखा बोलत होता. डोळ्यांत पाणीही आलं होतं आणि ते त्यानं पुसलं नाही.

एर्लिंदानं बोचकं उचलून त्याच्या छातीवर आपटलं आणि ती खाली उतरली. दहा पावलं पुढे जाऊन ती वळली.

"केळी मीच घातली होती ना तुला, वेड्या? मला काय कळत नव्हतं, बांधलंय ते? त्या दिवशी माझी डबी भरली आणि तुझ्यासाठी वेगळं काढून ठेवलं, परसात, केळीच्या पानाखाली झाकून. नंतर रांगेत तुझी भरली डबी दिसली तेव्हा वाटलं, मळ्यात सुटलं असेल. सातपर्यंत दारात बसून होते मी तुझी वाट बघत."