धुवायला काढलेला टॉवेल

मी मुख्याध्यापकांच्या खुर्चीवरचा टॉवेल बोलतोय. हसू नका. खुर्ची कुणीही विकत घेतं, पण तिच्या पाठीवर मी पडलो की मगच ती साहेबाची होते.

माझा जन्म सोलापूरचा. माझ्या गठ्ठ्यातली भावंडं कुणी न्हाणीघरात गेली, कुणी दवाखान्यात, आणि आयुष्यभर पाणी टिपत राहिली. मला कर्नाटकातल्या आळंदच्या उद्धवरावांनी उचललं. त्यांचा तुरीचा व्यापार, त्यातून काढलेली खासगी शाळा आणि तिचे मुख्याध्यापकही तेच. त्यांनी कधी कुणाला मला ओल्या हाताने शिवू दिलं नाही. मी फक्त त्यांच्या डोक्याचं खोबरेल पीत राहिलो आणि त्यालाच मान समजलो.

पुढे त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा हरिओम बी.एड. होऊन हैदराबादला होता. "शाळा चालवायची म्हंजी तयारी लागती," असं म्हणून उद्धवरावांनी त्याला तिथेच नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला घातलं. तो तयार होईपर्यंत कारभार स्नेहल मॅडमकडे आला. त्या शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका, माहेर बीदरजवळचं कमठाणा.

जूनमध्ये त्यांनी कारभार घेतला, त्या दिवशी त्यांचे वडील बळीराम पेढे घेऊन आले आणि ऑफिसात सगळ्यांना मोठ्या आनंदाने 'जयभीम' म्हणाले. ते गेल्यावर उद्धवरावांनी शाळेच्या मावशीला, सिद्धव्वाला हाक मारली.

"सिद्धव्वा, खुर्चीवरचा टॉवेल धुवायला काढ."

"कामून अप्पा? परवाच धुतलाय की."

"काढ म्हणतो ना."

मला घडी घालून कपाटात ठेवलं. धुवायला मात्र कुणी नेलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी आपला धुवायलाच गेलेला. इतकी धुलाई सोलापुरातही कुणी पाहिली नसेल. कपाटाचं दार नीट लागत नसे, त्यामुळे मला सगळं दिसायचं. मॅडमनी उघड्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, कपाटाकडे एकदा पाहिलं आणि बाजूला स्टूल ओढून त्या कामाला लागल्या. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

त्यांना हे पद हवं होतं आणि त्या ते लपवतही नव्हत्या. "मला हे जमतंय सिद्धव्वा, आन् मला ते पायजे बी," असं त्या सरळ म्हणायच्या. पालकसभा त्यांनी बाजाराच्या दिवशी नेली. माणसं तूर विकायला आळंदला यायचीच, जाता जाता शाळेच्या ओट्यावर बसायची. कुणी कानडीत भांडायचं, कुणी मराठीत, आणि मॅडम दोघांनाही त्यांच्याच भाषेत उत्तर द्यायच्या. एरवी शाळेची पायरी न चढणाऱ्या आयाही मुलांच्या वह्या बघायला मागू लागल्या.

डिसेंबरात हरिओम तयार होऊन आला. कोट नवा, चष्मा नवा. त्याच दिवशी मी एकदाचा 'धुऊन' आलो आणि खुर्चीवर पसरलो. नेत्याने उत्तर देण्याआधी जरा थांबावं, असं त्याला शिकवलं होतं. नळ गळतोय म्हणून सिद्धव्वा सांगायला आली तरी तो तिच्या डोळ्यांत बघत थांबायचा. तोवर बादली भरून वाहायची.

प्रशिक्षणातूनच त्याने पहिल्या मोठ्या पालकसभेची तारीख ठरवून आणली होती. मॅडम म्हणाल्या, "सर, त्या दिवशी येळवस हाय. समदे शेतात जेवायला जात्यात. गावात कुत्रं बी ऱ्हात न्हाई."

हरिओम थांबला. मग म्हणाला, "मॅडम, नेता लोकांच्या मागे जात नाही. लोक नेत्याच्या मागे येतात."

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, मांडव पडला, खुर्च्या मांडल्या, माईक लागला. माणसं शेतात भज्जी आणि आंबील घेऊन बसली होती. खुद्द उद्धवरावही आपल्या शेतात पाहुण्यांना वाढत होते. हरिओम मला पाठीशी घेऊन दुपारपर्यंत बसला. त्याच्या मानेला घाम फुटला होता, तो मी टिपला. खरं सांगतो, पोराची दया आली.

पुढच्या बाजाराला, सिद्धव्वा सांगते, पालक थेट उद्धवरावांच्या दुकानात शिरले. त्यांच्यातला काशप्पा म्हणाला, "अप्पा, मॅडमला कामून हटवलंव? त्या नसतील तर आमी पोरं दुसऱ्या शाळेत घालताव." त्याच्या मागच्यांनीही माना हलवल्या. उद्धवराव व्यापारी माणूस, माल हातचा चालला की त्यांना लगेच कळतं.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत शाळेत आले. हरिओम संचालक झाला. त्याला वेगळी खोली, वेगळी खुर्ची आणि माझ्याहून मोठा टॉवेल मिळाला. मग उद्धवरावांनी स्वतःच्या हाताने मला खुर्चीवर सारखं केलं.

"बसा मॅडम. आता मुख्याध्यापक तुमीच."

मॅडमनी मला उचललं आणि चाचपून पाहिलं.

"अप्पा, ह्यो जूनमदी धुवायला काढला व्हता न्हाई का?"

उद्धवरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"अजून वाळला न्हाई वाटतं. भाईर टाकते." असं म्हणून त्यांनी मला सिद्धव्वाच्या हातात दिलं आणि त्या नुसत्या खुर्चीवर बसल्या.

तेव्हापासून मी पाण्याच्या टाकीजवळ तारेवर असतो. डबे खाऊन झाले की सगळी शाळा मला हात पुसते. हळद, वरण, शाई, काय काय माझ्या अंगावर आहे. माझा रंग विचारू नका. पण जन्मात पहिल्यांदा मी पाणी टिपतोय, आणि फार बरं वाटतंय.

तुमच्यापैकी कुणी मुख्याध्यापक व्हायची तयारी करत असेल, तर एकदा जेवणाच्या सुट्टीत टाकीपाशी या आणि पोरांच्या रांगेत उभं राहून हात पुसा. फक्त शनिवारी येऊ नका. शनिवारी सिद्धव्वा मला धुवायला काढते, आणि खरंच धुते.