पुण्याला येऊन राहिले

ही नोकरीसाठीची माझी सतरावी ऑनलाइन ओळख-सभा. आधीच्या सोळांतून मिळाले ते शे-दीडशे अनोळखी लोक. निरोप घेताना सगळे 'जोडलेले राहू या' म्हणाले आणि नंतर एकानेही मेसेजला उत्तर दिलं नाही. या लोकांचा मला भयंकर राग येतो, तरी पुढचं आमंत्रण आलं की मी नाव नोंदवतेच.

अकोल्याच्या एका बियाणं कंपनीत मी अकरा वर्षं उगवण तपासली. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळायचे आणि किती उगवले ते लिहायचं. दोन दाणे वाढवून लिही, असं साहेबांनी सांगितलं तरी मी कधी लिहिले नाहीत. दोन वर्षांपूर्वी लॅब बंद झाली आणि मी अमरावतीजवळ वलगावला बाबांकडे परतले. आता मी अडतीस वर्षांची आहे. इकडच्या सगळ्या लॅबमध्ये विचारून झालं, त्यांना पंचविशीतली पोरं हवीत.

एका सभेत मी म्हणाले होते, "मले अकरा वर्षांचा अनुभव आहे." एक गृहस्थ हसून म्हणाले, "किती गोड बोलता हो!" त्यानंतर बियाण्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी मी ठरवलं की बोलणं सुधारायचं. 'मले'चं 'मला', 'आमी'चं 'आम्ही', 'राहिली'चं 'राहिले'. आठवडाभर बाबांसमोर घोकत होते.

"कावून वं सीमा, असं तोंड आवरून बोलून राहिली?" बाबा म्हणाले. "पाव्हणे येऊन राहिले का पाह्याले?"

बुधवारी सकाळी अकराला सभा होती. गावात नेट टिकत नाही म्हणून मी अमरावतीत एका अभ्यासिकेत जागा घेतली आहे. आत बोलायला बंदी, म्हणून मोबाइल घेऊन जिन्यात बसले. या सभेत दोघादोघांना तीन मिनिटं बोलायला देतात. वेळ संपली की माणूस पडद्यावरून गायब.

मला रमा मॅडम मिळाल्या. पुण्यातल्या एका बियाणं कंपनीच्या लॅबप्रमुख. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कागदात बुरशी आली तर काय करता?" मी म्हणाले, आधी ती दाण्याची की कागदाची ते बघते, मग दाणे लांब लांब ठेवून पुन्हा लावते. त्या मान हलवत ऐकत होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझं काम विचारत होतं.

"माणूस आम्हाला लगेच हवाय," त्या म्हणाल्या. "आणि पुण्यातलाच. तुम्ही तर अमरावतीच्या ना?"

माझ्या पर्समध्ये शुक्रवारच्या पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट होतं. तिथे एका मैत्रिणीकडे राहून शोधायचं ठरवलं होतं. मी नीट, सावकाश, एकेक अक्षर सांभाळून म्हणाले, "हो मॅडम, पण मी आता पुण्याला येऊन राहिले."

"अरे वा, मग प्रश्नच मिटला! आज चारला ऑफिसात या. साहेब संध्याकाळी परदेशी निघताहेत, त्याआधी नाव पक्कं करायचंय. पत्ता पाठव—"

तीन मिनिटं संपली.

अमरावतीहून पुण्याला बारा तास लागतात. आज चारला कसं जाणार? या बाईंना एवढंही कळू नये? चिडून मी माझंच वाक्य पुन्हा म्हटलं आणि चूक लक्षात आली. मी आमच्याकडच्या अर्थाने 'येते आहे' म्हणाले होते, त्यांनी 'येऊन राहायला लागले' असं ऐकलं होतं. नेहमीसारखं 'पुण्याले येऊन राहिली' म्हणाले असते तर त्यांनी निदान 'काय?' तरी विचारलं असतं.

सभेच्या यादीत त्यांचा नंबर होता, त्यावर मी लगेच मेसेज केला, "मॅडम, मी अजून अमरावतीतच आहे. साहेबांशी फोनवर बोलता येईल का?"

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "आत्ताच तर पुण्यात राहायला आलात म्हणालात. निकाल लिहिणारा माणूस खरं बोलणारा लागतो. शुभेच्छा."

मी लिहिलं, "आमच्याकडे 'येऊन राहिले' म्हणजे 'येते आहे'." वाचून पाहिलं तर मलाच ती सबब वाटली. तरी पाठवलं. एकच टिक आली. फोन लावला, तो लागला नाही. दुसरी टिक काही आली नाही, त्यांनी मला ब्लॉक केलं होतं.

चारला बाबांचा फोन आला. "जमलं का वं?"

"नाही."

"मंग काय करून राहिली तिथं?"

"बसून राहिली, बाबा."

हे मात्र रमा मॅडमनाही बरोबर कळलं असतं.