मंगळाखालच्या दोन ओळी

चिमूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुगंधाबाई चंद्रपूरच्या एका साप्ताहिकात लिहायच्या. या महिन्यात आकाशात काय पाहावं, एवढंच. सप्टेंबर १९८८मध्ये मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ येणार होता. दिवेलागणीनंतर पूर्वेला लालसर, ठळक दिसेल, दुर्बीण लागणार नाही, असं त्यांनी कळवलं.

अंक निघाला आणि त्याच आठवड्यात मुखरू शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याची मुलगी रंभा बाईंच्याच हाताखाली शिकलेली.

"बाई, असं काऊन लिहलं तुमी? रंभाले मंगळ हाय. सोयरे फिरले ना!"

बाईंनी अंक उघडला. लेखाच्या शेवटी, त्यांच्या नावाच्या वर, दोन ओळी होत्या: 'मंगळ असलेल्या मुलींची सोयरीक या महिन्यात जुळवू नये. अनर्थ संभवतो.'

बाईंच्या अंगाची आग झाली. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांच्या घरात पंचांगसुद्धा नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटताच त्यांनी चंद्रपूरची बस धरली.

संपादक गुणवंतराव हसले. "जागा उरली होती, बाई. अन् लोक तेवढंच तं वाचतात."

"माझ्या नावावर?"

"दुरुस्ती छापतो ना."

दुरुस्ती आली ती शेवटच्या पानावर, जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. तीच घेऊन बाई मुखरूबरोबर मुलाच्या गावी गेल्या. मुलाचे वडील श्रावणभाऊ यांनी खाट टाकली, चहा दिला.

"तवा तुमीच लिहलं, आता तुमीच नाई म्हणता. आमी कोनतं खरं मानावं?"

"ते मी लिहिलंच नव्हतं, भाऊ!"

"नाव तं तुमचंच हाय."

अंधार पडल्यावर बाईंनी त्यांना अंगणात नेलं. मोहाच्या झाडांवर मंगळ चढला होता. "पाहा. आपल्या पृथ्वीसारखाच दगडामातीचा गोळा. तो कोणाचं काय बिघडवणार?"

श्रावणभाऊंनी बराच वेळ पाहिलं. "लईच लाल दिसून राह्यला," ते म्हणाले, आणि दारातूनच बायकोला ओरडले, "पोराले बाहीर येऊ देऊ नको!"

सोयरीक मोडली. बाईंनी लिहिणं थांबवल्याचं संपादकांना कळवून टाकलं.

तरी ऑक्टोबरच्या अंकात त्यांचं नाव होतंच. लेख गेल्या वर्षीचा, ग्रहांच्या जागा जुन्या आणि खाली बाराही राशींचं भविष्य. अंक मुठीत चुरगाळत बाई पुन्हा चंद्रपूरला निघाल्या. बस स्टँडवर रंभा दिसली. बाईंनी हाक मारली तशी ती जवळ आली.

"बाई, थोडे दिवस आमच्या घरी येऊ नका," ती हळूच म्हणाली. "नवे सोयरे येनार हायेत. बाबा म्हनते, तुमची वळख दाखवाची नाई."