फ्यूजच्या जागी तार

जानरावला वाचवायचा होता फक्त एक दिवस. कापूस वेचायचे दिवस. रोज पहाटे तो जुन्या गाडीत सात बाया कोंबून शेतावर पोचवायचा. एक दिवस गाडी उभी राहिली, तर बाया शेषरावच्या गाडीत बसणार. आणि शेषराव हसून बोलणारा माणूस.

त्यात हीटरचा पंखा बंद पडलेला. थंडीमुळं खिडक्या लावलेल्या, सात जणींच्या श्वासानं समोरची काच आंधळी व्हायची.

जठारपेठेतल्या गयासुद्दीन मिस्त्रीनं फ्यूज बदलला. तो लगेच उडाला. मग त्यानं पंख्याच्या मोटरला बॅटरीवरून सरळ करंट दिला. मोटर नुसती गुंगुं करत राहिली, फिरेना.

"जाम हाय, जानरावभाऊ. पुरा डॅशबोर्ड उतरवा लागते. उद्याची शाम होईन."

"उद्या नाही जमत. फ्यूजच्या जागी तार टाक ना."

"फ्यूज उडून राहिला म्हणून गाडी वाचून राहिली. तार नाही टाकत मी."

"मंग काच कशी साफ होईन?"

"बायायले श्वास घ्यायची मनाई करा."

जानराव हसला. घरी येऊन त्यानं स्वतःच फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली. हे काम आपल्याकडं सगळ्यांनाच येतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ललिता पुढं बसली होती, मागं सहा जणी. काच धूसर झाली. जानरावनं बटण दाबलं. वारा आला नाही. तो बटण तसंच ठेवून हातानं काच पुसत राहिला. थोड्या वेळानं ललिताच्या पायाशी धूर निघाला.

"माय वो! जळून राहिलं!"

जानरावनं एका हातानं स्टिअरिंग धरलं, दुसऱ्यानं काच पुसली आणि ओरडला, "तुयाकडची तार ओढ!"

तिनं ओढली. आवरण वितळलेली तांब्याची तार. गाडी थांबेपर्यंत तिनं सोडली नाही. सोडता येत नव्हती, वितळलेलं प्लास्टिक बोटांना चिकटलं होतं.

मागच्या सहा जणी धडधाकट उतरल्या. गयासुद्दीननं मोटर काढली. तिच्या पंख्यात सरकी लागलेला मूठभर कापूस गुंडाळून बसला होता. वेचलेल्या कापसाची गाठोडी याच गाडीतून यायची.

तिसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली. बायाही परत आल्या, सहा. शेतमालकाचं काही अडलं नाही, सातवी दुसरी मिळाली. शेषरावला एक दिवस मिळाला, तोच जानरावचा गेला. बाकी सगळं ललिताकडून वसूल झालं: उजव्या हाताची तीन बोटं, आणि वेचणी बोटांनीच करतात.