नर्मदाबाईंचा टॅब आणि उघडं इंजिन

रेडी बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुरुदास रेडकरांचं घर आहे. घर वर टेकाडावर, आणि गॅरेज खाली रस्त्याच्या कडेला. मध्ये चिऱ्यांच्या सोळा पायऱ्या. गुरुदास तीस वर्षं जहाजावर इंजिनीअर होते. निवृत्त होऊन कायमचे घरी आल्यावर त्यांनी चिऱ्यांच्या भिंतींवर पत्रे टाकून हे गॅरेज बांधलं आणि घरची जुनी डिझेल जीप त्यात नेऊन लावली.

जीप त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोनंच जास्त चालवलेली. नवरा नऊ-नऊ महिने समुद्रावर आणि शाळा आठ किलोमीटरवर, तेव्हा नर्मदाबाई जीप घेऊनच शिकवायला जायच्या. पण बॉनेटच्या आत काय असतं, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते खातं गुरुदासांचं.

गेल्या एप्रिलमध्ये जीप धूर टाकायला लागली म्हणून गुरुदासांनी इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचा जड लोखंडी भाग, उतरवून बाजूला ठेवलं. नटबोल्ट डब्यांत भरले. डोक्याखाली बसणारा पातळ पत्रा, म्हणजे गॅस्केट, नवं मागवलं, आणि ते यायच्या आधीच त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं महिन्याभरात परत आलं, पाय काठीच्या आधारानं अंगणात फिरण्याइतका सुधारला, पण उजव्या हातात अर्धीच ताकद राहिली. फिजिओथेरपीसाठी शिरोड्याहून येणारी रश्मी सारखी सांगायची, काका, तुम्ही पायऱ्या उतरू शकता. दसऱ्याच्या आधी ते एकदा उतरायला गेले आणि तिसऱ्या पायरीवर पडले. फारसं लागलं नाही, पण त्यानंतर त्यांनी त्या पायऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवसभर पडवीत आरामखुर्चीत बसायचे. विचारलं तेवढंच बोलायचे.

नोव्हेंबरात एक भंगारवाला जीप बघायला आला. पुण्याला असलेल्या लेकीचं, गौरजाचं, म्हणणं होतं की आता ती ठेवून करायचं काय. गुरुदास म्हणाले, देऊन टाक. नर्मदाबाई त्या माणसाला घेऊन खाली गेल्या. त्यानं जीपभोवती एक चक्कर मारली आणि जमिनीवरचा बोल्टांचा डबा पायानं बाजूला सारला. बाईंनी तो डबा उचलून टेबलावर ठेवला आणि त्याला सांगितलं की जीप द्यायची नाही. हे आपण का म्हणालो, ते त्यांना स्वतःलाही नीट कळलं नव्हतं.

वर येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, की खाली सात डबे आहेत, कुठल्या डब्यात काय आहे? गुरुदास म्हणाले की आता त्याचं काय. बाईंनी पुन्हा विचारलं. मग ते सांगायला लागले. लांब बोल्ट कुठले, आखूड कुठले, पितळेच्या चकत्या कशाच्या. सांगता सांगता पाऊण तास गेला. एवढं सलग ते एप्रिलपासून बोलले नव्हते. बाई उठून चहा करायला गेल्या आणि चहा उकळेपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

त्यांच्याकडे टॅब होता. त्या शाळेतून निवृत्त झाल्या त्या दिवशी गौरजानं दिलेला. बाई त्यावर वाचत, कोडी सोडवत, आणि कुणाला हात लावू देत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टॅब घेऊन गॅरेजात गेल्या आणि वर पडवीत बसलेल्या नवऱ्याच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. एकाच घरातली दोन माणसं, मध्ये सोळा पायऱ्या, आणि बोलणं फोनवर. शेजारच्या सत्यवतीबाईंनी कुंपणावरून हे पाहिलं आणि दोघांचं भांडण झालंय अशी समजूत करून घेतली. त्या दुपारी समेट करायला म्हणून आल्यासुद्धा. बाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, तरी जाताना त्या म्हणाल्याच की नवऱ्याशी एवढं ताणू नये.

पहिला आठवडा टॅब सांभाळण्यातच गेला. रेडीची धूळ तांबडी आणि बारीक. खनिजाचा ट्रक रस्त्यानं गेला की गॅरेजातल्या प्रत्येक वस्तूवर तिचा थर बसायचा, आणि टॅबच्या चार्जिंगच्या भोकात ती पहिल्याच दिवशी शिरली. बाईंनी टॅब पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. तेव्हा गुरुदासांना सगळं धुक्यातून दिसायला लागलं. कॅमेऱ्यापुरतं भोक पाडलं. मग पत्र्याखालच्या उकाड्यात, पिशवीच्या आत टॅब इतका तापला की आपोआप बंद पडला. गुरुदासांनी वरून सांगितलं की इंजिन असो की टॅब, वारा लागायलाच हवा. तेव्हा पाठीमागची पिशवी कापून काढली आणि फक्त पुढची बाजू झाकलेली ठेवली. कडांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून बसवली, म्हणजे पडला तरी रबरावर पडेल. कोपऱ्यावरच्या लवू सुतारानं फणसाच्या फळीचा एक तिरका स्टँड करून दिला. तेलकट बोटांनी पडदा हलत नसे, म्हणून बाई बोटाच्या मागच्या पेरानं तो सरकवायला शिकल्या. पुसायला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, किंचित ओला. रॉकेल, पेट्रोल काही लावायचं नाही. ही ताकीद गुरुदासांची.

मग कामाला खरा वेग आला. बाई शिक्षिका होत्या, आणि कामही त्यांनी शाळेसारखंच केलं. प्रत्येक डब्याचा टॅबवर फोटो काढला, फोटोवर नाव लिहिलं. डोक्याचे बोल्ट कुठल्या क्रमानं आवळायचे, ते फोटोवरच आकडे घालून मांडलं. नवं गॅस्केट कपाटात तसंच पडलं होतं. ते बसवून बाईंनी आणि लवूनं मिळून ते जड डोकं उचलून जागेवर ठेवलं. ते बसत असताना वर पडवीत गुरुदास खुर्चीतून अर्धे उठले होते, असं सत्यवतीबाईंनी नंतर सांगितलं.

"मधल्या बोल्टापास्ना सुरुवात कर," ते फोनवरून म्हणाले. "मगे भायर. एकदम आवळू नको. तीन खेपेत."

"तीनच खेपेत करतंय," बाई म्हणाल्या. "तुमी फक्त बघा."

ते बघत. सकाळी आठाला आंघोळ करून, चष्मा पुसून फोन समोर ठेवून तयार असत. बाईंना उशीर झाला तर हाक मारत. बोल्ट आवळतानाचा आवाज ऐकायचा असला की बाईंना टॅब इंजिनाजवळ धरायला सांगत आणि डोळे मिटून ऐकत. रश्मी आली की तिला काल काय झालं ते सांगत. बाईंच्या नखांत काळी रेघ बसली ती जाईना. बाजारात कुणी विचारलं तर त्या सांगत की इंजिन बांधतेय, आणि सांगताना त्यांना गंमत वाटायची.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन कामं उरली. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक गंजून धरला होता, तो सोडवायचा, आणि इंजिनातलं जुनं तेल काढायचं. ब्रेकसाठी जीप जॅकवर चढवली होती आणि चाक काढलं होतं. गुरुदासांचा नियम एकच होता. जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. खाली शिरायच्या आधी अ‍ॅक्सलखाली, म्हणजे चाकांच्या आडव्या दांड्याखाली, दोन ओंडके घालायचे आणि ते आपल्याला टॅबवरून दाखवायचे. त्या दिवशी बाईंनी ओंडके घातले, पण दाखवायचं राहिलं. त्यांनी स्टँड जमिनीवर जीपच्या कडेला ठेवला, खाली परात सरकवली आणि उताण्या होऊन आत गेल्या.

इंजिनाच्या तळाचा बोल्ट घट्ट होता. बाईंनी पान्याला पाय लावून जोर दिला. बोल्ट सुटला तो एकदम, आणि आठ महिने साठलेलं काळं तेल परातीत न पडता परातीच्या काठावर आपटून चहूकडे उडालं. बाईंच्या तोंडून "अगे बाये" एवढंच निघालं. त्यांच्या पायाचा धक्का लागून स्टँड आडवा झाला, टॅब पालथा पडला.

वर पडवीत गुरुदासांना धाडकन आवाज आला, बायकोचा आवाज आला, आणि पडदा काळा झाला.

बाई घाईघाईनं बाहेर सरकल्या. पहिला विचार टॅबचा. तेल चार्जिंगच्या भोकात जाऊ नये म्हणून त्यांनी तो उचलून बंदच केला, आणि कोपऱ्यातल्या टेबलाजवळ जाऊन लुगड्याच्या तुकड्यानं एकेक कड पुसायला लागल्या. वरून काही हाक आली असेल तर ती त्यांना ऐकू आली नाही. रस्त्यानं ओळीनं चार ट्रक जात होते. पुढची पिशवी तेलानं माखली होती, पण आत पडदा कोरडा होता. रबराच्या पट्टीला ओरखडा होता, टॅबला नव्हता. त्या मनात म्हणाल्या, वाचला. आणि वळल्या.

गॅरेजच्या दारात गुरुदास उभे होते. काठी नव्हती. डावा हात भिंतीला टेकलेला, पायात एकच चप्पल, आणि श्वास लागलेला.

"नर्मदा," ते म्हणाले. "तू बरी आसस मां?"

बाईंनी मान हलवली.

"पडदो काळो झालो. तू बोलाक तयार नाय. माका वाटला जॅक..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. जीपखाली वाकून पाहिलं. दोन्ही ओंडके जागच्या जागी होते.

"मी टॅब पुसी होतंय," बाई म्हणाल्या.

"टॅब," गुरुदास म्हणाले, आणि दाराजवळच्या पालथ्या क्रेटवर बसले. आधी त्यांचे खांदे हलले. बाईंना वाटलं, रडताहेत. त्या धावल्या. ते हसत होते. मग बाईही हसायला लागल्या. तोंडावर काळं तेल, हातात टॅब, आणि डोळ्यांतून पाणी. हसू थोडं ओसरल्यावर बाईंच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी दारातून वर पाहिलं. दुसरी चप्पल सातव्या पायरीवर पडली होती.

"तुमी पायऱ्यो उतरलात," त्या म्हणाल्या.

गुरुदासांनीही वळून पाहिलं. "होय तर," ते म्हणाले. "आता चढतलंय कसो?"

चढायला पंचवीस मिनिटं लागली. सत्यवतीबाई एका बाजूला, नर्मदाबाई दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये चार वेळा बसून. त्या रात्री गुरुदासांचे पाय दुखले आणि ते गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई टॅब घेऊन निघाल्या, तर गुरुदास काठी घेऊन आधीच पहिल्या पायरीपाशी उभे होते. रश्मीला फोन गेला. ती वेळेआधी तासभर आली, त्यांच्या पुढे एक पायरी खाली राहून त्यांना उतरवलं आणि बारा-चौदा महिन्यांच्या पोराचं व्हावं तसं त्यांचं कौतुक केलं. त्यांनी ते मुकाट्यानं करून घेतलं.

टॅबचं काम मात्र संपलं नाही. गुरुदासांना वाकून जीपखाली बघता येत नव्हतं. तेव्हा बाई टॅब घेऊन खाली शिरायच्या आणि ते दोन हातांच्या अंतरावर क्रेटवर बसून फोनमध्ये बघायचे. दोघांचे आवाज एकदा खरे आणि एकदा फोनमधून असे दोनदा ऐकू यायचे, आणि त्यातून कधी फोनचीच कर्कश किंचाळी उठायची. मग दोघंही एकमेकांना फोन लांब धरायला सांगायचे.

नवं तेल भरलं. ब्रेक मोकळा झाला. चाक चढलं. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढायला बाईंनी छोटा पंप अंगठ्यानं दाबून दाबून बुडबुडे जाऊ दिले, आणि गुरुदासांनी डाव्या हातानं तो शेवटचा स्क्रू आवळला. तेवढं काम त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. नवी बॅटरी लवूनं आदल्या दिवशी आणून जोडली होती. टॅबवर गौरजा होती, तिला सुट्टी होती म्हणून तिनं सकाळपासून कॉल चालू ठेवला होता.

बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. गुरुदासांनी हात वर करून थांबायला सांगितलं, थोडं थांबले, आणि मान हलवली. तिसऱ्या वेळी जीपनं एक मोठा पांढरा धूर सोडला, पूर्ण अंग हलवलं, आणि चालू झाली. सुरुवातीला अडखळत, मग एकसारखी. पत्रे थरथरत होते. टॅबमधून गौरजा काहीतरी ओरडत होती, ते कुणाला ऐकू आलं नाही. सत्यवतीबाई हातात विळा घेऊन तशाच धावत आल्या.

गुरुदास बॉनेटवर डावा तळवा ठेवून उभे होते. डोळे मिटलेले. मिनिटभरानं त्यांनी डोळे उघडले आणि बायकोला म्हणाले, "बरा चलता."

त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी तीस वर्षांत कुठल्याही जहाजावर कुणी ऐकली नव्हती. बाईंना ते माहीत होतं.

त्याच दुपारी दोघं बाहेर पडली. गुरुदासांना बंदरावर जायचं होतं. यशवंतगडाच्या बाजूनं वळसा घेऊन बाईंनी जीप किनाऱ्यालगत उभी केली. समोर एक जहाज नांगरून पडलं होतं, आणि एक बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट बोट, भरून त्याच्याकडे चालली होती. गुरुदासांनी ती बार्ज कुठल्या इंजिनाची असेल ते सांगितलं, आणि आवाजावरून तिला काय दुखतंय तेही. बाईंनी विचारलं की ते कसं कळतं. मग त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बाईंनी पिशवीतून थर्मास काढला, दोघांना चहा ओतला, आणि टॅब उघडून लिहून घ्यायला लागल्या.