निळ्या फितीची झारी

मित्रांनो, अवजारांच्या खोलीत दाराशेजारच्या खुंटीवर लटकलेली पत्र्याची जुनी झारी म्हणजे मी. माझ्या पोटाला पोचा आहे आणि नळीला निळी फीत बांधलेली आहे. ही फीत मला बक्षीस मिळाली, आणि तीही वेलींना पाणी न घातल्याबद्दल. झारीच्या कुळात असा मान माझ्याआधी कोणाला मिळाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवले. शेवटच्या घावाला त्याचा हात चुकला आणि पोचा पडला. बाकीच्या झाऱ्या भराभर खपल्या, मी मात्र दुकानाच्या पायरीवर धूळ खात राहिले. मग एके दिवशी टपाल द्यायला आलेल्या पोस्टमनकाकांनी मला उलटसुलट करून पाहिले. आपण जन्मभर सायकलवरून पडत आलो, आपल्याला पोच्याचे काय कौतुक, असे म्हणून त्यांनी मला घरी नेले.

काका निवृत्त झाले आणि त्यांनी घरामागच्या उतारावर बावन्न द्राक्षवेली लावल्या. घरच्या द्राक्षांची घरी वाइन करायची, हा त्यांचा ध्यास होता. रस्त्यावरच्या घरांना असतात तसे त्यांनी प्रत्येक वेलीला नंबर दिले. रोज सकाळी सातच्या ठोक्याला आमची फेरी निघे. प्रत्येकीला अर्धी झारी पाणी, एकीला कमी नाही की जास्त नाही. सतरा नंबरची वेल जरा किरकिरी होती, तिच्यापाशी थांबून काका तिची विचारपूस करत. नोकरीत निदान रविवारी सुट्टी होती, असे काकू म्हणत, पण काका ऐकतील तर शपथ. माझा ऊर मात्र अभिमानाने भरून येई. एवढी बाग माझ्या जिवावर उभी आहे, असेच मला वाटे.

पहिल्या वर्षी वाइन पांचट झाली. दुसऱ्या वर्षी पांचट आणि शिवाय आंबट. काकूंच्या भावाचे शेजारीच गॅरेज होते. तो दरवर्षी एक घोट घेई आणि भावजींनी ग्लास विसळलेले पाणी पाजले, म्हणून चिडवी. तिसऱ्या वर्षीही तेच झाले, तेव्हा काका उसने हसले आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, "पुढच्या वर्षीही फसली, तर वेली उपटतो. जागा तुझ्या गाड्यांना घे." काका दिलेल्या शब्दाला जागणारे होते. त्या दिवशी त्यांनी मला ठेवले ते अगदी हळू, जणू निरोप घेत असल्यासारखे.

काकू चाळीस वर्षे फळांचा जॅम करत होत्या. पण बागेत लुडबूड करायची नाही, असे काकांनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावले होते, म्हणून त्या गप्प होत्या. चौथ्या वर्षी मण्यांनी रंग धरला तशा त्या सकाळी बागेत आल्या, एक मणी चावून पाहिला आणि सरळ मला काकांच्या हातातून काढून घेतले.

"अहो, पाणी पिऊन फुगलेल्या फळाचा जॅमसुद्धा धड होत नाही, मग वाइन कशी होईल?" त्या म्हणाल्या. "आता घड उतरेपर्यंत ही झारी खुंटीवरून खाली यायची नाही."

"मी कधी कुणाचं एक पत्र चुकवलेलं नाही," काका म्हणाले.

"पत्र वेळेवर पोचवावं. वेलीला थोडी वाट बघू द्यावी."

मी खुंटीवर चढले. खरे सांगते, मला रडू आले. एवढी वर्षे राबले आणि हे फळ? काका रोज सातला निघत, पण रिकाम्या हातांनी. दहाव्या दिवशी सतरा नंबरची पाने मरगळली आणि त्यांचा धीर सुटला. त्यांनी मला उतरवले आणि काठोकाठ भरले. मला तर आभाळ ठेंगणे झाले. त्यांनी माझी नळी सतरा नंबरच्या मुळाकडे वळवली आणि सहज एक मणी तोडून तोंडात टाकला. मग दुसरा टाकला. मग शेजारच्या घडातला तिसरा.

"गोड आहेत की," ते पुटपुटले. नंतर त्यांनी मला तसेच उचलले, हौदापाशी नेले आणि सगळे पाणी परत हौदात ओतले. काकू खिडकीतून बघत होत्या.

त्या वर्षी घड लहान भरले, पण मणी काळेभोर आणि साखरेने नुसते चिकट. दोघांनी ते टबात पायांनी तुडवले. रस फसफसून शांत झाल्यावर तो माझ्याच खुंटीखालच्या पिंपात भरला. महिनोन्‌महिने मी त्या पिंपाकडे बघत होते. आता रुसवा गेला होता, धाकधूक तेवढी उरली होती.

पिंप उघडायच्या दिवशी मेहुणा खिशात मोजपट्टी घेऊनच आला. त्याने एक घोट घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो चिडवायचे विसरला, त्याने ग्लास रिकामा केला आणि मुकाट्याने पुन्हा पुढे धरला. मोजपट्टी खिशातच राहिली.

पुढच्या महिन्यात घरगुती वाइन करणाऱ्यांची स्पर्धा झाली. परीक्षक होता पिंपे बनवणारा म्हातारा सुतार, हातचे राखून बोलणारा. त्याने काकांच्या वाइनला पहिला नंबर आणि त्याची निळी फीत दिली. काका-काकू घरी आले तेव्हा मेहुण्याने गॅरेजमधल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजवले. गल्ली दणाणून गेली.

काकांनी निळी फीत काकूंच्या हातात ठेवली. काकू हसल्या.

"मी हिला नुसतं टांगलं," त्या म्हणाल्या. "टांगलेलं राहणं अवघड होतं."

काकांनी वर माझ्याकडे पाहिले आणि फीत माझ्या नळीला बांधली.

मित्रांनो, झाडांना मनापासून पाणी घाला. आमच्यासारख्या झाऱ्या काम झाल्यावर उपड्या ठेवा, गंजू देऊ नका. पण ज्याची काळजी घेता, त्याला त्याच्या वेळी त्याचे त्याला वाढूही द्या. आज सकाळी सातला काका आले. मण्यांनी रंग धरला होता. काकूंनी सांगायच्या आधीच त्यांनी मला पुसले, फीत सारखी केली आणि खुंटीवर टांगले. मी आता रुसत नाही. खुंटीवर असते, तेव्हाही मी कामावरच असते.