जस्ताचा मणी

पार्वतीबाईला संशय यायला फार काही लागत नसे. शेजारीण हसली तर काहून हसली, आणि नाही हसली तर काहून नाही हसली. गॅसची टाकी आली की ती स्वतः उचलून बघायची, भरलेली आहे का अर्धी. तिचा नवरा माणिकराव तीस वर्षं हे ऐकत आला होता. आता बाजेवर बसून हं हं करण्यापलीकडं त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. अशा बाईच्या घरात, अधिक महिन्याचे धोंडे खाऊन एकाच दुपारी चार माणसं आडवी झाली, तर तिच्या डोक्यात काय काय फिरलं असेल, विचारूच नका.

अधिकात जावई म्हणजे देव. पुसेगावहून थोरली लेक पुनम, जावई वैजनाथ आणि विहीण जिवनबाई आदल्या संध्याकाळीच आले होते. धाकटी शिवकन्या त्या दिवशी सकाळी पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आली, ती डोळे चोळतच. पार्वतीबाईनं सगळं रीतीनं केलं होतं. पुरण आदल्या सांजेला वाटलं, निवल्यावर त्यात गावातल्या जनकाबाईकडचा ताजा खवा हातानं मळून मळून एकजीव केला, आणि पितळेच्या पातेल्यात झाकून देवघरासमोर ठेवलं. फ्रिज होता की घरात, पण त्यात शिळंपाकं असतं. देवाच्या मानाचं पुरण तिथं ठेवायचं म्हणजे काय? सकाळी कणकेत भरून धोंडे उकडले, वर तूप सोडलं. वास असा सुटला की माणिकराव दोनदा चुलीपाशी येऊन गेला.

जेवताना वैजनाथनं मेहुणीला विचारलं, "पुण्यात नेमकं काय करून राहिल्या तुमी?"

"जंतू जे जहर सोडतात ना, त्याचे खडे बनवते मी दाजी," शिवकन्या म्हणाली. "मग त्यातून किरण सोडून त्याचा आकार काढायचा."

"बापरे! आमच्या ताटात नका टाकू म्हंजे झालं," वैजनाथ म्हणाला, आणि सगळे हसले. शिवकन्येला गोड आवडत नाही, तिनं भाकरी आणि ठेचा खाल्ला. पार्वतीबाईचं महिनाभराचं नक्त होतं, दिवस मावळल्याशिवाय ती तोंडात काही घालत नव्हती. धोंडे खाल्ले ते माणिकराव, पुनम, वैजनाथ आणि जिवनबाई या चौघांनी.

चार वाजायच्या आत चौघंही उलट्या करून करून पिवळे पडले. जीप करून सगळ्यांना आखाडा बाळापूरच्या दवाखान्यात नेलं. रात्रभर सलाईन चढलं. डॉक्टर म्हणाले, अन्नातून विषबाधा आहे, जीवाला धोका नाही, उद्या घरी जा. जीव वाचला हे ऐकून पार्वतीबाई देवाला हात जोडायची, ती हात जोडता जोडताच विचार करायला लागली: विष? कुणी घातलं?

आधी तिनं पातेल्यावर संशय घेतला. पण कल्हई परवाचीच होती, आरशासारखी. तूप घरचं. गूळ, डाळ घरची. बाहेरून आलेली वस्तू एकच होती.

दवाखान्यातून परतल्या पावली ती जनकाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. जनकाबाई बौद्ध वाड्यात राहायची, दोन म्हशी पाळायची, आणि रोज सकाळी स्टँडवर खव्याचं पातेलं घेऊन बसायची. ओमप्रकाशच्या हॉटेलचे पेढे तिच्याच खव्याचे.

"जनके! काय घातलं होतं खव्यात? माझा जावई मरून गेला असता!"

जनकाबाई शेण थापत होती. उठून हात धुतले. "पारवतीबाई, त्याच घाण्याचा खवा ओमप्रकाशला दिला, सरपंचाच्या घरी दिला. कुणाला काई झालं का? विचारून तरी बगा."

"मला शिकवू नको. तुमचा स्वच्छपणा मला ठाऊक हाय!"

हे वाक्य अख्ख्या गल्लीनं ऐकलं. दारात जनकाबाईची सहा वर्षांची नात ऐश्वर्या दुधाचा पेला घेऊन उभी होती, तिनंही ऐकलं. जनकाबाईचा चेहरा क्षणभर असा झाला की पार्वतीबाईलाच कसंतरी वाटलं. पण बोललेला शब्द मागं घेणं तिला बापजन्मी ठाऊक नव्हतं. ती पाय आपटत घरी आली. दुपारपर्यंत ओमप्रकाशनं खवा बंद केल्याची बातमी आली, आणि पार्वतीबाईला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं तासभरच टिकलं. जिवनबाई पडल्या पडल्या भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "इहीणबाई, एक बोलू का? राग मानू नका. सरपंचाच्या घरचे तर धडधाकट फिरून राहिले. मग खव्यातच व्हतं कशावरून? आमी चौघं खाऊन पडलो. तुमचं नक्त, ते समजलं. पण जी पोरगी जहराचे खडे बनवते, तिनं एकलीनंच धोंडा काहून खाल्ला न्हाई?"

"अवो, तिला गोड आवडत न्हाई, लहानपणापासून."

"आसंल बापा. वैजनाथनं त्याच्या चुलतभावाचं स्थळ आणलं, तवा फोनवर कशी तडकली व्हती, तेबी ऐकलंय आमी. उद्या सकाळच्या गाडीनं आमी जातो. जायच्या आत मला काय ते कळू द्या. न्हाई तर पुनमला या घरी परत पाठवायचं का न्हाई, ते मला बगावं लागंल."

पार्वतीबाई तिथून उठली ती मधल्या खोलीत गेली. पोटची पोर, तिच्यावर कुणी असं बोलावं! आणि लगेच दुसरा विचार: पण खरंच, तडकली तर होती. "दाजींचं तोंड बघायचं नाही मला," असं म्हणाली होती फोनवर. सकाळी आल्या आल्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात एकटीच गेली होती. देवघर तिथंच, पातेलं बाजूलाच होतं.

शिवकन्या अंगणात बापाला साखरमिठाचं पाणी पाजत होती. पार्वतीबाईनं दार लोटलं आणि लेकीची बॅग उघडली. स्वतःचीच लाज वाटत होती, पण थांबवत नव्हतं. कपड्यांखाली एक पुठ्ठ्याचा डबा सापडला. आत कापसात गुंडाळलेलं काहीतरी होतं: रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या, एकमेकींत वळलेल्या, गुंतलेल्या, आणि मधोमध अडकवलेला एक चकचकीत मणी.

"काय बघून राहिली आई?"

शिवकन्या दारात होती. पार्वतीबाईनं डबा पाठीमागं लपवला नाही, उलट पुढं केला. "हे काय हाय? खरं सांग. माझी शपथ हाय तुला."

लेकीनं आईच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि तिला सगळं समजलं. तिचे डोळे भरले. "तू पण?" एवढंच म्हणाली.

शिवकन्येनं नाक पुसलं, डबा घेतला आणि जमिनीवर बसली. शिकवायला लागली की तिचा आवाज आपोआप शांत व्हायचा, तसा झाला.

"हा नमुना आहे. खेळण्यासारखा. गावच्या शाळेत पोरींना दाखवायला आणला. खरं जहर आम्हाला इमारतीच्या बाहेरसुद्धा काढता येत नाही. हे बघ, जहर म्हणजे एक लांब दोरा, असा गुंडाळलेला. डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याची खडीसाखर करायची, म्हणजे सगळे कण एका रांगेत बसतात, मग किरण सोडून आकार कळतो. आणि हा मणी दिसतो ना? ते जस्त. बादलीचं असतं तेच, पण एकच कण. हा दोरा जस्ताला चार बाजूंनी असा धरून ठेवतो, आणि त्याच्या जोरावर आपल्या अंगातल्या पेशींना धरतो. तो कुठं बसतो, काढला तर काय होतं, तीन वर्षं मी एवढंच बघते आहे."

"आन हे घालतं कोण?"

"कुणी घालत नाही आई. जंतू बनवतो. तो आपल्या कातडीवर असतो, नाकात असतो, आणि सगळ्यात जास्त पू झालेल्या जखमेत. तो हात अन्नाला लागला आणि अन्न रात्रभर उकाड्यात राहिलं, की झालं. वास येत नाही, चव बदलत नाही."

"पण धोंडे तर मी उकडले की! कढत कढत!"

"जंतू मरतो उकडल्यावर. हे जहर मरत नाही. हा गुंडाळा इतका पक्का असतो की सकाळच्या वाफेनं सुटत नाही."

पार्वतीबाईचा उजवा हात पदराखाली गेला. कधी गेला ते तिलाही समजलं नाही.

आठ दिवसांपूर्वी तुरीची धसकटं वेचताना अंगठ्याशेजारच्या बोटात एक धसकट रुतलं होतं. त्याचं नखुरडं झालं. हळद आणि चुना लावून तिनं चिंधी बांधली होती. पुरण मळायच्या आधी ती चिंधी तिनं सोडून टाकली. काहून सोडली? तर देवाच्या मानाच्या पुरणात चिंधी लागू नये म्हणून! हात धुतला, पदराला पुसला, आणि खवा मळून मळून एकजीव केला. बोट ठणकत होतं, तरी मळला. काम झाल्यावर परत चिंधी बांधली, दुसऱ्या दिवशी कणकेत पुरण भरताना परत सोडली. इतकं सोवळं तिनं उभ्या जन्मात पाळलं नव्हतं.

शिवकन्या नमुना कापसात गुंडाळत होती. "आई, जनकामावशीच्या हाताला काही लागलं होतं का गं? फोड, कापलेलं? तसं असेल तर एकदम जुळतं."

एक 'व्हय' म्हटलं की लेक सुटत होती, पुनमचा संसार सुटत होता, विहिणीचं तोंड बंद होत होतं. आणि जनकाबाईचा खवा तर बंद झालेलाच होता. कुणाला कळणार होतं? पार्वतीबाईनं ओठ उघडले.

"मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली आणि उठून गेली.

त्या संध्याकाळी नक्त सोडायला ती पानावर बसली, पण घास उतरला नाही. भाकरी मोडताना बोट ठणकायचं आणि ती हाताकडं अशी बघायची, जसा तो दुसऱ्याच कुणाचा असावा. आयुष्यभर तिनं सगळ्या गावावर संशय घेतला. फक्त ह्या एका हातावर कधी घेतला नव्हता.

सकाळी सगळे स्टँडवर आले. ओमप्रकाशच्या हॉटेलात चहाची गर्दी होती. कोपऱ्यात जनकाबाई पातेल्यावर ओलं फडकं टाकून बसली होती. तराजू रिकामा होता, आणि लोक तिच्यापासून दोन हात लांबून चालत होते. जिवनबाईनं पिशवी खाली ठेवली.

"मग इहीणबाई? काई कळलं का? का मी कळमनुरीला जाऊन पोलिसात विचारू?"

शिवकन्येनं मान खाली घातली. पुनम रडायलाच आली होती. पार्वतीबाईनं पदराखालून हात काढला, दातानं गाठ सोडली आणि पिवळी चिंधी खाली टाकली. बोट सुजून टम्म झालं होतं, नखाच्या कडेला पू साचला होता. तिनं ते वर केलं, शाळेतलं लेकरू करतं तसं.

"हे बगा. समद्यांनी बगा. ह्या बोटानं मी पुरण मळलं. जहर ह्याच्यातून आलं. माझ्या पोरीनं काई केलं न्हाई आन जनकाबाईच्या खव्यातबी काई नव्हतं. मी तिच्या दारात जाऊन बोलले ते सपशेल खोटं व्हतं."

जिवनबाई दोन पावलं मागं सरली. "अगं बाई! म्हंजे तुमच्याच हातचं? आन हे असं चव्हाट्यावर काहून सांगून राहिल्या?"

"बोलले व्हते चव्हाट्यावर, म्हणून."

वैजनाथ पुढं झाला. "आई, बस आता," तो जिवनबाईला म्हणाला. "जाणूनबुजून केलं का त्यांनी?" जिवनबाईनं खाली ठेवलेली पिशवी परत उचलली. माणिकराव, ज्यानं तीस वर्षं नुसतं हं हं केलं होतं, तो बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला. पण गर्दी तशीच लांब होती. ओमप्रकाश कपबशी पुसत म्हणाला, "काकू, ते समदं बराबर हाय. पण गिऱ्हाइकाच्या मनात एकदा किंतु आला ना..."

पार्वतीबाई जनकाबाईसमोर जाऊन उकिडवी बसली. "खवा दे."

जनकाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "दिवस हाय अजून. तुमचं नक्त हाय ना?"

"व्हय. दे."

जनकाबाईनं पळसाच्या पानावर खवा काढला आणि पुढं सरकवला. पार्वतीबाईनं उजवा हात मांडीखाली दाबला, डाव्या हातानं घास उचलला आणि भर उन्हात, अख्ख्या स्टँडसमोर, तोंडात घातला. पंचवीस दिवसांचं नक्त तिथं मोडलं. तिनं पान पुसून काढलं, आणि मग तिला रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

ओमप्रकाश बाहेर आला. "जनकामावशी, दोन किलो ठेवा माझं," तो म्हणाला. वैजनाथनं पावशेर मागितला. जनकाबाईनं दोघांचं मोजून दिलं, तराजू पुसला, फडकं झटकलं. पार्वतीबाई तिथंच बसलेली होती. "झालं का?" तिनं भीत भीत विचारलं. "भागलं का?"

"न्हाई," जनकाबाई म्हणाली. ती रागावली नव्हती, हसलीही नव्हती. "आधी दवाखान्यात जा, बोट जाईल न्हाई तर. मंग माझ्या घरी या. माझी ऐश्वर्या कालपासून माझ्या हातचं दूध पिऊन न्हाई राहिली. तिच्यासमोर पिऊन दाखवा."